शून्याची पाळी

खडू ओला आहे.

नको.

जिन्यावर कोणीतरी दिवा लावा.

मांजर.

माझा चष्मा कुणी घातला आहे?

मागच्या बाकावरच्या मुलाला सांगा की खिडकी आता बंद कर.

पाणी कडू.

तिच्या कोटाची बटणं शिवायची राहिली वाटतं.

थोरल्याने पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. वडील हॉस्पिटलच्या खाटेवरून छताकडे बघत बोलत होते. प्रत्येक वाक्यानंतर थांबत होते, दम घेत होते. स्टुलावर वृद्धांच्या शुश्रूषागृहाचे कागद पडले होते, सहीवाचून. त्यांना न्यायला तिथली गाडी दुपारी येणार होती.

"हे बोलणं आहे?" तो धाकट्या बहिणीला म्हणाला. "भिंतीशी तरी माणूस यापेक्षा बरं बोलतो."

"अर्थ नको बघूस. मोज, दादा. शब्द मोज."

त्याने तिच्याकडे पाहिलं. आठ दिवस खुर्चीत झोपलेल्या माणसाकडे पाहावं तसं. मग वाक्यं मनात मागे फिरवली. तीन, एक, चार, एक, पाच, नऊ, दोन, सहा. पेन त्याच्या बोटांत आडवं राहिलं.

वडील शाळेत गणित शिकवायचे. मुलांनी त्यांचं नाव बावीस-सप्तमांश ठेवलं होतं आणि त्यांना त्याचा मनापासून राग होता. बावीस-सप्तमांश म्हणजे वर्तुळाचा पाय (π) नव्हे, तो पायच्या शेजारी राहणारा भाडेकरू आहे, असं ते वर्गात सांगायचे. आई गेली त्या वर्षी घरात जेवताना कोणी कोणाशी बोलेना. तेव्हा त्यांनी हा खेळ काढला. पायचे आकडे ओळीने घ्यायचे, पाळीपाळीने एकेक वाक्य बोलायचं. आकडा असेल तेवढेच शब्द, अर्थ कसाही चालेल. शून्य फार उशिरा येई. ते आलं की तिघांनीही गप्प बसायचं. वडील दोन शब्द बोलून शून्य मोडत. त्याआधी जो तोंड उघडेल त्याने भांडी घासायची. थोरल्याला गप्प बसणं कधी जमलंच नाही. शाळा संपेपर्यंत भांडी त्याच्याकडेच होती.

"अर्धांगाच्या झटक्यात शब्द गेलेत," ती म्हणाली, "पण आकडे आहेत. कालही शेवटपर्यंत गेले होते. शून्य झालं, आणि मग दोन शब्दांनी मोडलंसुद्धा."

"काय म्हणाले?"

"'ताट उचल.'"

तो हसला नाही, पण खुर्ची ओढून बसला. मग दोघांत ठरलं. शून्यापर्यंत थांबायचं. ते नीट पार पडलं तर ती बाबांना आपल्या घरी नेईल आणि तो आडवा येणार नाही. नाहीतर सही. बाबांचं करता करता तू झिजून जाशील, हे त्याने पुन्हा एकदा सांगितलं. तिने मान हलवली, ऐकलं नाही.

खाटेच्या कडेला दोरीने बेल बांधलेली होती. सिस्टरने पहिल्याच दिवशी दोघांना बजावलं होतं, बोलणं मधेच थांबलं तर बेल दाबायची, विचार करत बसायचं नाही.

वडील बोलत राहिले. छत्री, परीक्षेचे पेपर, कुणाचा तरी कुत्रा. मधे एकदा खोकला आला आणि दोघंही पुढे झुकली. खोकला थांबला, आणि वाक्य जिथं तुटलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं. थोरल्याचा अंगठा आता बोटांच्या पेरांवरून सरकत होता. लहानपणी टेबलाखाली लपवून सरकायचा तसाच. बहिणीने ते पाहिलं आणि मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

"बसा खाली," वडील म्हणाले.

मग, बऱ्याच वेळाने:

"शाळेची घंटा कोणीतरी घरी घेऊन गेलं आहे."

थोरला ओठ दाबून हसला. वडिलांनी मान वळवली. आठ दिवसांत पहिल्यांदा छत सोडून त्यांनी या दोघांकडे पाहिलं.

"पोरांनो, आज जेवताना कुणी भांडलं नाही म्हणून बरं वाटलं."

तिचा हात तोंडावर गेला. कितीतरी दिवसांनी त्यांच्या बोलण्याला अर्थ आला होता. ती ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा ऐकत राहिली. मोजलं नाही.

वडील गप्प झाले. ओठ थोडे उघडे होते. एक डोळा अर्धा मिटला होता, पण झटका आल्यापासून तो तसाच असे.

थोरल्याचा हात बेलकडे गेला. तिने त्याचं मनगट धरलं. अंगठा आणि तर्जनी जुळवून वाटोळं केलं आणि त्याला दाखवलं, लहानपणी दाखवायची तसं. ती हसत होती आणि तिच्या गालांवर पाणी होतं.

त्याने बेल सोडली. हात चादरीवर ठेवला, तिच्या समोर, पाचही बोटं ताणून. तिने त्या हातावर आपला हात ठेवला आणि दाबला. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मग त्याने बोटं हळूहळू मिटून घेतली.

कोणी बोललं नाही. बाहेरून औषधांची गाडी गेली, तिचं एक चाक कुरकुरत होतं. ते कुरकुरणं लांब जाऊन थांबलं. ती दोन शब्दांची वाट बघत होती.

सिस्टर सलाईनची बाटली बदलायला आत आली. तिने एकदा वडिलांच्या तोंडाकडे पाहिलं आणि दोघांना बाजूला ढकललं.

तिसऱ्या दिवशी घरी माणसं येऊन गेली. दारात आलेल्या प्रत्येकाला थोरला एकच सांगत होता. दोघंही जवळच होतो, शांतपणे गेले. शाळेतले जुने विद्यार्थी आले होते, त्यांच्यापैकी एकाच्या तोंडून बावीस-सप्तमांश निघून गेलं आणि तो ओशाळला. सगळे गेल्यावर ती मोरीशी उभी राहून कप घासायला लागली. तो मागे येऊन थांबला. त्याने बाह्या दुमडल्या.

"दे इकडे. मी घासतो."

"नको," ती म्हणाली. नळ चालूच होता. "तू बोलला नाहीस."

तो तिथेच उभा राहिला. तिने कप विसळून पालथा घातला, आणि दुसरा घेतला.

बाबांचं शेवटचं वाक्य नऊ शब्दांचं होतं. त्या नऊनंतर पाच येतो. शून्य त्याच्यानंतर.