चौकोनाबाहेरची खोली

मी एक जुना ड्रोन आहे. जुना म्हणजे तीन वर्षांचा. तुमच्यात तीन वर्षांचे मूल अजून डाव्या पायातला बूट उजव्या पायात घालते. आमच्यात तीन वर्षांचा ड्रोन कपाटाच्या वरच्या फळीवर जातो. माझा एक हात मोडला आहे, कॅमेऱ्याच्या काचेवर चरा आहे आणि माझ्या शेजारी एक बिघडलेले स्टेपलर आणि कुणाची तरी विसरलेली छत्री आहे. मित्रांनो, मी काही तक्रार करायला बसलो नाही, असे म्हणणार होतो. पण ते खरे नव्हे. मी तक्रारच करायला बसलो आहे, आणि ती तुम्ही नीट ऐकावी अशी माझी इच्छा आहे.

माझा जन्म एका पांढऱ्या दिव्यांच्या हॉलमध्ये झाला. एका मुलीने चिमट्याने माझ्या बारीक तारा जोडल्या. मग माझी चारही पाती तिने एकेक करून बोटाने फिरवून पाहिली. एक किंचित अडखळले, तर ते काढून तिने दुसरे बसवले. त्यानंतर मला इतके लक्ष देऊन कुणी पाहिल्याचे मला आठवत नाही.

तिथून मी एका ऑफिसात आलो. या ऑफिसाचे काम सोपे आहे, पण ते आधी समजून घ्या. एखाद्या कारखान्याचा विमा उतरवायचा असेल, तर विमा कंपनी आधी या ऑफिसाला विचारते की इथे धोका किती. छप्पर धड आहे का, पत्रे सैल झाले आहेत का, आगीचा बंब आत शिरू शकेल का. हे बघून अहवाल द्यायचा. सगळे ठीक असेल तर हिरवा, थोडे बिघडले असेल तर पिवळा, आणि माणसांना बाहेर काढावे लागेल असे असेल तर लाल. पूर्वी तपासनीस शिडी लावून वर चढत. त्यात पत्रा फुटून माणूस खाली पडायची भीती असे. म्हणून मला आणले. मी पडलो तर फार तर एक पाते जाते.

पहिल्या वर्षी मला थोरल्या साहेबांनी उडवले. ते निवृत्तीला आले होते. शाळेची दप्तरे शिवणारा एक कारखाना होता. लांबट इमारत, एकच मजला, पत्र्याचे छप्पर. साहेबांनी इमारतीभोवती एक फेरी मारली आणि मग टॅबलेटवरच्या नकाशात बोटाने छपराभोवती चौकोन काढला. तो चौकोन म्हणजे माझे शेत. या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे, वळायचे, परत यायचे, आणि दर दोन हातांवर एक फोटो काढायचा. साहेबांनी तो मार्ग टॅबलेटमध्ये साठवून ठेवला. सहा महिन्यांनी ते निवृत्त झाले.

त्यांच्या जागी आले ते झटपट साहेब. हे त्यांचे नाव नव्हे, ऑफिसाने पाडलेले बिरुद. माणूस वाईट नव्हता. माझी बॅटरी वेळेवर चार्ज करायचा, काच मऊ फडक्याने पुसायचा. पण एका दिवसात चार कारखाने उरकायची त्यांना हौस. कारखान्यात आल्यावर ते मला दोन्ही हातांत धरून अंगणात स्वतःभोवती गोल फिरायचे. त्याने मला दिशा कळतात. खिडकीत शिलाईवाल्या बायका जमायच्या.

"साहेब, जपून. भोवळ येईल."

"त्यांना सवय आहे गं. घरी पण बायको असंच फिरवते."

झटपट साहेब हसायचे, साठवलेला मार्ग उघडायचे, बटण दाबायचे आणि गाडीत बसून फोन करायचे. चौदा मिनिटांत मी परत. तीनशे बारा फोटो. अहवाल हिरवा.

आता गंमत ऐका. गंमत कसली, डोके फिरवणारी गोष्ट. दुसऱ्या वर्षी मी त्याच मार्गाने निघालो, तर इमारत वाढली होती. मागच्या बाजूला काटकोनात एक नवी खोली बांधली होती आणि तिच्यावर लोखंडी तुळया टाकून पाण्याची मोठी टाकी बसवली होती. मी तिच्याकडे जाणार, तोच चौकोन संपला. मला वळावे लागले. मला सांगितलेल्या रेषेबाहेर एक हातसुद्धा जाण्याची परवानगी नाही. वळताना माझ्या फोटोंच्या कडेला त्या खोलीचा बोटभर तुकडा आला. मला वाटले, चला, कुणीतरी बघेल. पण फोटो जोडून अहवाल बनवणारा टॅबलेट चौकोनाबाहेरचे सगळे कापून टाकतो. फोटो नीटनेटके दिसावेत म्हणून. तो बोटभर तुकडाही गेला.

अहवालात लिहिले होते: 'संपूर्ण छपराची ड्रोनद्वारे तपासणी केली.'

संपूर्ण. मी वाचले आणि माझे चारही पंखे फिरले. पण मला बोलता येत नाही. मला फक्त घोंघावता येते, आणि ते मी एरवीही सतत करत असतो, त्यामुळे त्याचे कुणालाच काही वाटत नाही.

तिसऱ्या वर्षी टाकी एका अंगाला कलली होती आणि तिच्या खालच्या पत्र्यावर कुणीतरी निळी ताडपत्री टाकून तिच्यावर जुना टायर ठेवला होता. मी पाहिले, वळलो, परत आलो. झटपट साहेब मला पेटीत ठेवत होते, तेवढ्यात त्या मागच्या खोलीतून एक बाई बाहेर आल्या. तयार दप्तरे खोक्यांत भरणाऱ्या अकरा जणींवर त्या देखरेख करायच्या. कारखान्यात सगळे त्यांना मावशी म्हणत, मॅनेजरसुद्धा. त्यांच्या हातात गोळ्यांचा जुना डबा होता.

"साहेब, हे जरा बघा," त्यांनी झाकण उघडले. आत गंजाचे पापुद्रे होते, सुकलेल्या पानांसारखे. "आमच्या डोक्यावरून पडतंय. हे फक्त या आठवड्याचं."

"कुठली खोली?"

"मागची. तीनदा टेबल सरकवलं आम्ही. आणि महिनाभर झाला, दार लागत नाही. वरची चौकट खाली आलीय."

झटपट साहेबांनी घड्याळ पाहिले. "मावशी, काळजी करू नका. ड्रोननं बघितलंय सगळं."

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटले ते तुम्हाला कसे सांगू? मी तिथेच होतो, त्यांच्या हातात, आणि माझ्या नावावर धडधडीत खोटे खपत होते.

मॅनेजर मध्येच म्हणाले, "मावशी, गेल्या महिन्यात पण तुमचं हेच चाललं होतं. साहेबांचा खोळंबा नका करू. उद्या दोन हजार दप्तरं जायचीत."

मावशी हलल्या नाहीत. "बघितलंय ना? मग मला पण दाखवा. माझ्या खोलीचं छप्पर दाखवा, मी गप्प बसते."

"तीनशे फोटो आहेत हो त्यात."

"मला वेळ आहे."

झटपट साहेबांनी सुस्कारा सोडला आणि टॅबलेट पुढे धरला. मावशी चष्मा लावून एकेक फोटो सरकवू लागल्या. करडा पत्रा, करडा पत्रा, करडा पत्रा. अर्ध्यावर आल्यावर त्या म्हणाल्या, "निळी ताडपत्री कुठाय?"

"कसली ताडपत्री?"

"गळतं म्हणून आम्ही टाकलीय. टायर ठेवलाय वर."

"उडून गेली असेल वाऱ्यानं."

"आणि टाकी? ती पण वाऱ्यानं गेली का?"

खिडकीतून कुणीतरी फिसकन हसले. मावशींनी साहेबांना आत नेले आणि खिशातल्या शिलाईच्या खडूने मोठ्या टेबलावर इमारतीचा आकार काढला. लांबट पट्टी, आणि मागे काटकोनात वळलेली खोली. मग टॅबलेटवरचे, फोटो जोडून बनलेले अख्खे छप्पर त्याच्या शेजारी ठेवले. तिथे नुसती लांबट पट्टी होती.

"शेंबडं पोरसुद्धा सांगेल, साहेब. आमची खोली तुमच्या कागदात नाहीच."

झटपट साहेब एकदा खडूच्या आकृतीकडे बघत होते, एकदा टॅबलेटकडे. त्यांचे कान लाल झाले. मग ते बाहेर आले, साठवलेला मार्ग बंद केला आणि मला हाताने उडवू लागले. आयुष्यात पहिल्यांदा. मी भिंतीला घासून वर गेलो, एकदा पाइपाला धडकता धडकता वाचलो. पण अखेर त्या चौकोनाच्या बाहेर पडलो.

जवळून जे दिसले ते सांगतो. टाकीचे पाणी भरून वाहायचे आणि नेमके एका तुळईवर पडायचे. दोन वर्षे रोज. ती तुळई भिंतीत जिथे शिरते, तिथे लोखंड उरलेच नव्हते. तपकिरी भुसा होता, आणि त्यावर पाण्याने भरलेली टाकी. टाकीखाली अकरा जणी आणि मावशी. मी सात फोटो काढले. आठव्याला आणखी खाली आलो, तर माझ्याच पंख्यांच्या वाऱ्याने ताडपत्रीची मोकळी कड उडाली आणि माझ्या पात्यांत गुंडाळली गेली. मी अंगणात आपटलो. माझा हात मोडला तो तेव्हा.

पण ते सात फोटो टॅबलेटवर पोचले होते. झटपट साहेबांनी पाहिले, मॅनेजरनी पाहिले.

"दुपारनंतर बघू आपण," मॅनेजर म्हणाले. "एवढी खोकी भरून होऊ देत. दोन वर्षं उभी आहे, दोन तासांत काय होतंय?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी पालथा पडलो होतो. माझ्याकडून सल्ला मिळण्यासारखा नव्हता.

मावशींनी दोघांकडेही पाहिले नाही. त्या दारात उभ्या राहिल्या. "हातातलं खाली ठेवा. पिशव्या घ्या. सगळ्या बाहेर, झाडाखाली."

"मावशी, ऑर्डर..."

"ऑर्डर तुम्ही भरा आत बसून. मी पाणी प्यायला देते बाहेरून."

मॅनेजर आत गेले नाहीत. तेव्हा कुठे झटपट साहेबांना कंठ फुटला. "खोली बंद करा. मी लाल लिहितोय. टाकी आधी रिकामी करा, पण वर कुणी चढायचं नाही, खालच्या नळानं सोडा."

पाणी जायला दोन तास लागले. टाकी क्रेनने उतरवल्यावर, बोलावून आणलेल्या लोहाराने बाहेरून पान्याने तुळईवर टिचकी मारावी तसे हलकेच ठोकले. पाना आरपार गेला. अकरा जणींपैकी एक दचकून झाडामागे सरकली, आणि मावशींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "अगं, आता कशाला? आता पडलं तरी कुणावर पडणार?"

इथे गोष्ट संपावी. पण माणसे ती संपू देत नाहीत. आठवड्याने ऑफिसात मोठे साहेब आले आणि माझा मोडका हात वर धरून त्यांनी सगळ्यांना सांगितले, "बघा, ड्रोनच्या नजरेतून काही सुटत नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळे सुटले होते हो. दोन वर्षे, माझ्याच नजरेसमोरून. ते पकडले एका बाईने, गोळ्यांचा डबा आणि शिलाईचा खडू घेऊन. झटपट साहेबांनी तेवढे सांगायला तोंड उघडले होते, पण टाळ्या जोरात होत्या.

मग मी या फळीवर आलो. खाली नवा ड्रोन आहे. तो माझ्यापेक्षा शहाणा आहे, म्हणे अहवाल स्वतःच लिहितो. मला त्याची काळजी वाटते.

परवा सकाळी झटपट साहेब त्याला घेऊन निघाले, नेहमीपेक्षा तासभर आधी.

"एवढ्या लवकर कुठं?" पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी विचारले.

"आधी पायी फिरायचंय. छपराखाली बसतात त्यांना भेटायचंय."

मोडक्या हाताने टाळी देता येत नाही, नाहीतर मी दिली असती. पण पाठोपाठ त्याच टेबलावरून आवाज आला, "ड्रोन आहे ना? मग पायी कशाला?"

मित्रांनो, मला पुसत जा, माझी पाती जपा, मला पावसात उडवू नका, हे सगळे तुम्हाला कुणीही सांगेल. मी एवढेच सांगतो. तो पलीकडच्या टेबलावरचा माणूस तुम्हाला कधी ना कधी भेटणार आहे. भेटला तर त्याच्याशी वाद घालू नका. त्याला हाताला धरून एखाद्या गळक्या छपराखाली न्या, तिथे काम करणाऱ्या माणसांमध्ये बसवा, आणि त्यांचे बोलणे पुरे होईपर्यंत उठू देऊ नका.