जाळीखालचं पाणी

किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडे होती आणि सेक्रेटरी लग्नाला कराडला गेलेला. दुसऱ्याच कुणाच्या तरी लग्नाला. आमच्या घरचं लग्न खोपटला विहिरीपाशी बँडसकट अडकून पडलं होतं.

आम्ही ठाण्याचे ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मराठी बोलणारे ख्रिस्ती. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही वाजतगाजत विहिरीवर जातो, घागर भरून आणतो आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतो. याला उंबराचं पाणी म्हणतात. आमची वाडी गेली, तिथे इमारत आली, विहीर तेवढी कोपऱ्यात उरली. तीही पार्किंगसाठी लवकरच बुजवणार होते. तोवर कुणी आत पडू नये म्हणून तिच्यावर लोखंडी जाळीचं झाकण आणि त्याला हे भलंमोठं कुलूप. जाळीची भोकं इतकी बारीक की बोट जेमतेम जाईल. खाली चार हातांवर पाणी छान चमकत होतं.

"नळाचं घेऊ या ना," नवरीचा बाप, म्हणजे माझा भाऊ सिडनी, हळूच म्हणाला.

"नळाचा पानी आनलात तर मी हात नाय लावनार," आई म्हणाली. "तुमचं तुमी घाला."

माझी आई व्हिक्टोरिया, घरातली सगळ्यांत थोरली. पहिला तांब्या तिनेच घालायचा. ठेवणीतलं लाल लुगडं नेसून ती कठड्यावर बसली होती आणि आता तिथून हलायला तयार नव्हती. ती स्वतः याच विहिरीच्या पाण्याने न्हाऊन या घरात आलेली. नातीलाही तेच पाणी मिळावं, एवढंच तिचं मागणं होतं.

वॉचमन साईनाथने तारेने कुलूप उचकटून पाहिलं. सिडनीने दगड उचलला, तर साईनाथने त्याचा हात धरला; त्याची नोकरी जायची. मग माझा भाचा ॲरन कोल्ड्रिंकचे स्ट्रॉ एकात एक खुपसून चिकटपट्टी लावत बसला. ती नळी आत सोडून गाल आत जाईपर्यंत त्याने ओढलं. वर आली ती फक्त हवा. बँडवाल्यांनी तेवढ्यात एक गाणं उरकून घेतलं.

आता माझ्याच्याने राहवेना. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, आणि समस्या कशी सोडवावी हा माझा लाडका धडा. "तुम्ही सगळे कुलपाला चिकटलायत," मी दरडावलं. "आपल्याला कुलूप हवंय की पाणी? वस्तूंकडे नव्या नजरेने बघा. टाचण्यांची डबी ही फक्त डबी नसते, भिंतीला ठोकली तर मेणबत्ती ठेवायची फळी होते!"

"आत्या, पण आपल्याकडे टाचण्या कुठेयत?" आयव्ही म्हणाली. उद्या लग्न असलेल्या मुलीला मारता येत नाही.

मग मी सगळ्यांना पाच मिनिटं गप्प बसायला लावलं. प्रश्न बाजूला ठेवला की उत्तर आपसूक येतं, असं मी वर्गात दरवर्षी सांगते. सगळे गप्प बसले. कुणालाही काहीही सुचलं नाही. मला तर नाहीच नाही. डोक्यात सारखं कुलूपच येत होतं, आणि आपण इतकी वर्षं पोरांना काय पढवतोय, असं वाटून माझा असा संताप झाला की मी घागरीलाच लाथ मारली. पाय दुखला.

वळून बघते तर आई रडत होती. आवाज नाही, काही नाही. पाणी खाली दिसतंय आणि हाताला लागत नाही, याचं तिला खरंच दुःख झालं होतं. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी तिच्यापुढे बसले आणि तिच्याच पदराने तिचे डोळे पुसले. पुसून झाल्यावर पदराचं टोक माझ्या मुठीत राहिलं. ते ओलं होतं.

मी त्या टोकाकडे बघत राहिले. मग जाळीकडे बघितलं.

"आई," मी म्हणाले, "लुगडं सोड."

"येड लागलाय गो तुला?"

पण तिला कळलं. माझ्याआधीच कळलं असेल. बायकांनी कडं केलं, बँडवाल्यांना भिंतीकडे तोंड करून वाजवायला लावलं आणि आई आयव्हीच्या शालीत गुंडाळून बसली. नऊवारी सुताचं टोक पीळ देऊन भोकातून आत सोडलं. वर ओढताना निम्मं पाणी जाळीतच पिळलं जाऊन परत खाली पडायचं. उरलेलं आम्ही घागरीत पिळायचो. पुन्हा सोडायचो, पुन्हा ओढायचो. मनगटं भरून आली तेव्हा कुठे घागरीचा तळ झाकला गेला.

सिडनीने मोबाइलचा उजेड घागरीत टाकला. पाणी गुलाबी झालं होतं. लुगड्याचा रंग सुटला होता.

सगळे आईकडे बघायला लागले. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने ते फिकुटलेलं, चिंब लुगडं मांडीवर घेतलं, त्यावरून हात फिरवला.

"लगनापासून मी याला पानी नाय लावला," ती म्हणाली. "रंग जाईल म्हनून."

मग तिने आयव्हीला जवळ ओढलं, बोटं घागरीत बुडवली आणि तिच्या दोन्ही गालांना लावली.

"जाऊ दे," ती म्हणाली. "हिच्यावरच तं गेलाय."