दोन बोटं जास्त

घरात तिला भिंगरी म्हणायचे. कागदोपत्री तिला चांगलं भारदस्त नाव होतं, पण ते फक्त शाळेच्या हजेरीत आणि दवाखान्याच्या रांगेत उपयोगी पडायचं. जेवताना चार वेळा उठणारी, दात घासता घासता घरभर फेरी मारून येणारी मुलगी, तिला दुसरं काय म्हणणार? शाळेचं शेवटचं वर्ष लागलं आणि ही भिंगरी आणखीनच सुटली. तिने पाच कॉलेजांना अर्ज केले होते. उत्तरं यायला चार महिने होते, आणि चार महिने नुसतं बसून काढणं तिच्या रक्तातच नव्हतं.

मग तिने शक्यता मांडायला घेतल्या. कपड्यांच्या कपाटाच्या दाराला आतून एक मोठा कागद चिकटवला, त्यावर पाच चौकोन आखले आणि प्रत्येकात त्या कॉलेजात प्रवेश मिळण्याची शक्यता पेन्सिलीने टक्क्यांत लिहिली. चाचणीत दोन गुण गेले की सगळीकडे तीन टक्के उतरायचे. गणिताच्या सरांनी शिफारसपत्रात चांगलं लिहिलंय असं कळलं की पाच चढायचे. सरांनी ते पत्र घाईत, उभ्या उभ्या लिहिलं असं कोणी सांगितलं की त्यातले दोन परत जायचे. खोडरबर फिरवून फिरवून कागद इतका झिजला की एका जागी आरपार दिसायला लागलं. आईने एकदा मोजे शोधायला कपाट उघडलं आणि कागदाकडे बघून विचारलं, "याला काय ताप आलाय? रोज चढतो नि उतरतो."

खरं तर तिचा जीव अडकला होता एकाच चौकोनात. ते कॉलेज दिवसभराच्या प्रवासावर होतं आणि तिथे संख्याशास्त्राला स्वतःची तीन मजली इमारत होती. बाकीचे चौकोन आपले सोबतीला होते. शेवटचं कॉलेज घरापासून वीस मिनिटांवर. ते तिला डोळे झाकून घेणार होतं, वर फीसुद्धा माफ करणार होतं, पण तिथे संख्याशास्त्र नव्हतं. तिथे पत्रव्यवहार आणि पावत्या ठेवायला शिकवायचे, आणि ते तर ती बाबांच्या दुकानात आठवीपासून करत होती.

लांबच्या कॉलेजच्या चौकोनात तिने दोन आकडे लिहिले होते. वर्गातल्या एकीच्या चुलतभावाने छातीठोकपणे सांगितलं होतं की जास्त आर्थिक मदत मागणाऱ्यांना ती मोठी कॉलेजं टाळतात. चुलतभाऊ स्वतः कुठल्याच कॉलेजात गेलेला नव्हता, पण भिंगरीला आकडा मिळाला की बास. "जास्त मदत मागितली तर १८, कमी मागितली तर ३०," असं तिने लिहून ठेवलं. कमी मागायचा प्रश्नच नव्हता, म्हणून त्यावर पुन्हा विचारही केला नाही.

बाबा शिंपी होते. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान, आत एक मशीन, एक कापायचं टेबल, एक उभा आरसा. कोट ते हौसेने शिवत, पण पोट भरायचं ते जुने कपडे उसवून सैल-घट्ट करण्यावर. त्यांचा एक नियम होता. माप काहीही येवो, कापताना दोन बोटं जास्त धरायची. कापड जास्त असलं तर आत दुमडता येतं, कमी पडलं की हात चोळत बसावं लागतं, हे ते गिऱ्हाइकांना इतक्या वेळा सांगत की मशीनलाही पाठ झालं असेल. या नियमाचा सगळ्यात मोठा फटका घरच्यांना बसला. भिंगरीच्या अंगाला आजवर एकही कपडा नीट बसला नव्हता. सतरा वर्षं ती बाह्या दुमडून फिरत होती.

मदतीच्या अर्जात एक पान पालकांनी स्वतःच्या हाताने भरायचं होतं. दुकानातून काय येतं, आईच्या नोकरीतून काय येतं, शिल्लक किती, अशा सात ओळी; त्यावरून किती मदत लागते ते कॉलेज ठरवणार होतं. ते पान पाकिटात घालून, चिकटवून शाळेत द्यायचं. बाबांनी ते एका संध्याकाळी दुकानात नेलं, दारावरची पाटी फिरवली आणि दीड तास बसून भरलं. भिंगरीने दाखवा म्हटलं तर म्हणाले, हे माझं पान आहे, तू तुझी भर. तोवर पाकीट चिकटवून झालंही होतं.

दुसऱ्या दिवशी तिला कपाटातल्या कागदावर, त्या ३०च्या शेजारी, निळसर डाग दिसला. तिने आईच्या नावाने खडे फोडले, खोडरबर फिरवलं. डाग काही पूर्ण गेला नाही. घाई होती, तिने कपाट लावून टाकलं.

मग उत्तरं यायला लागली. दोन कॉलेजांनी सभ्य शब्दांत नाही म्हटलं. तिसऱ्याने प्रतीक्षा यादीत टाकलं, म्हणजे नाही म्हणायचा कंटाळा केला. वीस मिनिटांवरच्या कॉलेजने ठरल्याप्रमाणे मिठी मारली. आणि एका बुधवारी लांबच्या कॉलेजचं पाकीट आलं. ते तिने जिन्यातच फोडलं. पहिल्या पानावर लिहिलं होतं की तुम्हाला प्रवेश देताना आम्हाला आनंद होत आहे. तिला जो आनंद झाला तो त्यांच्या आनंदाच्या दसपट असावा, कारण तिने जिना दोनदा वर-खाली केला आणि शेजारच्या आजोबांनी दार उघडून आग लागलीय का विचारलं.

दुसरं पान तिने घरात येऊन वाचलं. त्यात मदतीचा आकडा होता. तो फीच्या पावपटही नव्हता. उरलेली रक्कम कुटुंबाला सहज झेपेल असा आमचा अंदाज आहे, असं खाली म्हटलं होतं, आणि शुक्रवारी चारपर्यंत होकार किंवा नकार कळवायचा होता.

आई हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीतून नुकतीच आली होती. दिवसभर चादरींना इस्त्री करून तिचे खांदे भरून आले होते. तिने ती ओळ दोनदा वाचली. "कोणाचं कुटुंब म्हणतायत हे?" तिने विचारलं. बाबांनी पान हातात घेतलं, बराच वेळ धरून ठेवलं आणि परत दिलं. जेवताना त्यांनी अर्धी भाकरी ताटातच ठेवली. भिंगरीला वाटलं, वाईट वाटलं असेल. तिला स्वतःला इतकं वाईट वाटत होतं की दुसऱ्याचं नीट बघायला सवडच नव्हती. तिने कपाट उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. त्या कागदावर तिने सगळं मांडलं होतं आणि हे एवढंच मांडलं नव्हतं, की प्रवेश मिळेल आणि जाता येणार नाही.

गुरुवारी ती शाळा भरायच्या आधीच, मुलांचे कॉलेजचे अर्ज बघणाऱ्या सल्लागार मॅडमच्या खोलीच्या दारात उभी होती. मॅडमनी तिची फाइल काढली. अर्ज पुढे पाठवताना शाळा प्रत्येक पानाची प्रत ठेवून घेत असे. बाबांचं पान त्यांनी तिच्यासमोर ठेवलं आणि घरात खरंच एवढं येतं का, असं सरळ विचारलं. सात ओळी, बाबांचं ते बारीक, एकसारखं अक्षर. दुकानाच्या पावत्या भिंगरीच फाडायची, आईच्या पगाराची चिठ्ठीही तिच्याच खणात असायची. एकही आकडा खरा नव्हता. प्रत्येक आकडा खऱ्यापेक्षा थोडा मोठा होता, अगदी शिल्लकसुद्धा, आणि खाली बेरजेत तो थोडेपणा हाताबाहेर गेला होता. प्रत्येक शिवणीला दोन दोन बोटं सोडत गेलं की कोट पोराचा राहत नाही, त्याच्या काकाचा होतो.

मॅडमनी सांगितलं की फेरविचार मागता येतो. पण पालकांनी स्वतः लिहून द्यावं लागेल, की आधीचे आकडे चुकले, खरे हे आहेत, आणि का चुकले. पुरावे जोडावे लागतील. आणि वेळ उद्यापर्यंतच. भिंगरीने चाचरत विचारलं, यामुळे दिलेला प्रवेश काढून तर घेणार नाहीत? मॅडम म्हणाल्या, नाही. तिथे प्रवेशाचं टेबल वेगळं आणि मदतीचं वेगळं. प्रवेश देणाऱ्यांना तुमच्या घरात किती येतं ते दाखवतसुद्धा नाहीत. चुलतभावाचं म्हणणं ऐकून तर त्यांना हसूच आलं.

तिने पुढचे तास कसे काढले तिलाच ठाऊक. शाळा सुटल्यावर ती घरी न जाता थेट दुकानात शिरली. बाबा कोणाच्या तरी कोटाचं अस्तर उसवत होते, ओठांत तीन टाचण्या. ती टेबलापासून आरशापर्यंत आणि आरशापासून टेबलापर्यंत चार चार पावलं टाकत राहिली. बाबांनी हातानेच बस म्हणून खूण केली. ती बसली नाही.

"तुम्ही त्या पानावर किती जास्त लिहिलंत?"

बाबांनी टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. "दोन बोटं," ते म्हणाले. "प्रत्येक ठिकाणी."

तिचा तोल गेला. इतक्या महिन्यांचं सगळं तुंबलेलं बाहेर पडलं. ती म्हणाली, इथे तिची चार वर्षं पणाला लागली होती आणि बाबांना तोरा मिरवायचा होता. आपल्याकडे नाही हे लिहायला लाज वाटली, दुसरं काय. हे म्हणताना आपण जास्त बोलतोय हे तिला कळत होतं, तरी ती थांबली नाही.

बाबा चिडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे कात्री बाजूला ठेवून म्हणाले, "लाज वाटली असती तर ते पान घेतलंच नसतं. तुझ्याच कागदावर होतं. अठरा आणि तीस. मला अठरा कमी वाटले."

भिंगरीची नजर टेबलावर गेली. कापडावर खुणा करायचा निळा खडू तिथे पडला होता, आणि बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं नेहमीसारखीच निळी होती. तिला कपाटातला डाग आठवला. बाबांनी तिचा कागद वाचला होता, त्या तीसवर बोट ठेवलं होतं, आणि लेकीला अठरावरून तीसवर न्यायला आपल्या हातात जे होतं ते केलं होतं. तेही एका रिकामटेकड्या चुलतभावाच्या गप्पेवरून, जी तिने पेन्सिलीने लिहून खरी करून ठेवली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर ती मटकन बसली, आणि बसूनच राहिली.

मग तिने सगळं सांगितलं. चुलतभावाचं, मॅडमचं, दोन टेबलांचं. बाबा ऐकत होते, पण त्यांचं घोडं एकाच जागी अडलं होतं. "आता खरं लिहिलं तर परत अठरा होतील ना?" त्यांनी तीनदा विचारलं. तीनदा तिने नाही म्हटलं. तिसऱ्या उत्तरानंतर ते उठले, दारावरची पाटी फिरवली आणि टेबलावरचं कापड बाजूला सारून कोरा कागद घेतला.

लिहायला त्यांना फार वेळ लागला नाही. त्यांनी लिहिलं ते असं:

"मी शिंपी आहे. कापड कमी पडू नये म्हणून कापताना मी दोन बोटं जास्त धरतो. तुमच्या पानावर मी तसंच केलं. मला वाटलं, घरात कमी दिसलं तर मुलीला घेणार नाहीत. हे तिला माहीत नव्हतं. चूक माझी आहे. खरी मापं खाली देत आहे."

भिंगरीने खांद्यावरून वाचलं. तिने म्हटलं, चूक माझी असं लिहू नका, तो आकडा माझा होता, मी खाली सही करते. बाबांनी मान हलवली.

"या टेबलावर कोणाचाही हात चुकला तरी गिऱ्हाइकाला तोंड मी देतो," ते म्हणाले. "तू पावत्या काढ."

त्या संध्याकाळी दोघांनी मिळून सात ओळी भरल्या. ती वाचून दाखवायची, बाबा लिहायचे. प्रत्येक आकड्यापाशी पेन थोडं अडखळायचं, सवयच तशी, आणि ती पुन्हा तोच आकडा म्हणायची. त्यांनी सुट्ट्या नाण्यांपर्यंत लिहिलं. शिल्लक लिहिताना बाबांनी तिच्याकडे बघितलं नाही, तिनेही त्यांच्याकडे बघितलं नाही. सही झाल्यावर त्यांनी विचारलं, "आता किती टक्के?"

"माहीत नाही, बाबा," ती म्हणाली. असं ती आयुष्यात पहिल्यांदाच म्हणत होती.

शुक्रवारी सकाळी मॅडमनी ते पाठवलं, आणि दुपारी त्या कॉलेजचा निरोप आला की फेरविचार होईपर्यंत जागा राखून ठेवतो. पुढचे अकरा दिवस घरात कोणाचाच पाय ठरला नाही. आईने एकदा मीठ समजून आमटीत साखर घातली आणि सगळ्यांनी ती तशीच संपवली. भिंगरी चालत राहिली, पण कपाट तिने उघडलं नाही. कागदावर लिहायला तिच्याकडे आकडाच नव्हता.

बाराव्या दिवशी उत्तर आलं. ती धावतच दुकानात गेली. आरशासमोर एक गिऱ्हाईक हात पसरून उभं होतं, त्याला तसंच ठेवून बाबांनी कागद घेतला. मदत वाढली होती, चौपट. तरीही घरचा वाटा उरत होता. सुट्ट्यांत तिने काम केलं, आईने महिन्याला दोन पाळ्या जास्त केल्या आणि बाबांनी हौसेचे कोट वर्षभर बाजूला ठेवले, तर जेमतेम निभावेल एवढा. त्यात एक बोटही जास्तीचं नव्हतं.

बाबांनी आकडा पुन्हा एकदा वाचला, मग तिच्याकडे बघून, नवा कपडा घालून उभ्या असलेल्या कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारतात तसं विचारलं, "बसतंय का?"

"बसतंय," भिंगरी म्हणाली. "पण काचतंय थोडं."

"काचू दे," बाबा म्हणाले आणि टाचण्या परत ओठांत धरण्याआधी एवढंच बोलले, "वापरलं की सैल होतं."