खालच्या घरातलं बटण

अम्मानमधल्या त्या दुमजली घराला हिवाळ्यात ऊब देणारा डिझेलचा बॉयलर फुटला, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या रिहाबला मनातून बरंच वाटलं. खाली तिची थोरली जाऊ इनाम राहायची. एका लग्नात शब्दानं शब्द वाढला आणि तीन वर्षं दोघींचा अबोला. बॉयलर मात्र सामाईक.

"माझ्या फ्लॅटपुरता गॅसचा वेगळा बसवा," रिहाबनं म्हाताऱ्या मिस्त्रींना, अबू निझारना, सांगितलं. "कुणाचं मिंधं राहायला नको."

"बसवतो की. पण पहाटे चालू कोण करणार?"

"तो आपोआपच व्हायचा ना?"

मिस्त्री हसले. "आपोआप? त्याचं घड्याळ दोन हिवाळ्यांपूर्वीच बंद पडलं. खालच्या बाई रोज साडेचारला उठून बटण दाबतात. म्हटलं, इतक्या लवकर कशाला? तर म्हणाल्या, वरचीचे गुडघे आखडतात, तिला नमाजाला उठता यायला हवं."

मिस्त्रींचा चहा पिऊन झाला, तेव्हा रिहाब म्हणाली, "सामाईकच बसवा. पण आपोआप चालू होणारा."

मग जिना उतरून तिनं इनामचं दार वाजवलं.

"जाऊबाई, आता पहाटे जरा झोपत जा."

इनामनं दार पूर्ण उघडलं. "आधी आत ये," ती म्हणाली, "दारात गारठशील."