वर बर्फ, खाली शिशी

“रोज दहा शेर बर्फ गिळते मेली, आणि सांभाळते काय? पावशेर लोणी आणि बोटभर शिशी.”

बकुळआत्या असं पुटपुटल्या तेव्हा त्यांचं तोंड माझ्या झाकणापासून वीतभरच लांब होतं. माझ्या पायाशी ठेवलेली परात त्या उपसत होत्या. बर्फ वितळून त्याचं पाणी माझ्या नळीतून त्या परातीत पडायचं, ते दिवसातून तीनदा फेकावं लागे. मला राग आला नाही. दहा शेर हा हिशेब अगदी बरोबर होता.

मित्रांनो, मी एक जुनी बर्फाची पेटी आहे. काशीत ब्रह्मा घाटाच्या वर, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने ओट्यावर चढून वाट द्यावी अशा गल्लीत, शिवरामपंतांच्या स्वयंपाकघरात मी दहा वर्षं उभी राहिले. तुमच्यातल्या पुष्कळांनी माझी जात पाहिलेलीही नसेल. विजेची कपाटं आली आणि आम्ही मागे पडलो.

माझा जन्म दिनानाथ सुताराच्या हातून झाला. बाहेरून सागवान, आतून जस्ताचा पत्रा, आणि दोहोंच्या मध्ये ठासून भरलेला लाकडाचा भुसा. मला दोन कप्पे आहेत. वरच्यात बर्फ, खालच्यात वस्तू. “थंडी वरून खाली उतरते, ऊब खालून वर चढते, त्यात माझी काही हुशारी नाही,” असं दिनानाथ गिऱ्हाइकांना सांगे, पण सांगताना छाती फुगवी. त्याने मला एका रबडीवाल्यासाठी बनवलं होतं. रबडीवाल्याने झाकण उघडलं, आत डोकावला आणि म्हणाला, “मिस्त्री, यात तर माझं एक मडकंही बसणार नाही.” मग चार महिने मी दिनानाथच्या दुकानात रंधे आणि पटाशा ठेवायच्या कामी आले.

वैशाखात शिवरामपंत आणि त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई दुकानात आले. पंत संस्कृत पाठशाळेत शिकवत. त्यांना पेटीतलं काही कळत नव्हतं आणि ते तसं कबूलही करत. बाईंना मात्र काय हवं ते नेमकं ठाऊक होतं. त्यांच्या हातात गाठी मारलेली सुतळी होती. स्वयंपाकघरात पाण्याचे हंडे आणि दार यांच्यामध्ये जेवढी मोकळी जागा होती, तेवढी ती सुतळी.

तोपर्यंत त्यांनी दोन पेट्या नापसंत केल्या होत्या. पहिली छावणीतल्या एका साहेबाच्या लिलावातली. ती मोठी होती, देखणी होती, पितळी कड्यांची होती. पण साहेबाच्या घरी तिच्यात काय काय ठेवलं असेल, या विचाराने पंतांना तिथेच आंघोळ करावीशी वाटली. दुसरी कलकत्त्याची, पत्र्याची. ती गल्लीत शिरली, पण घराच्या जिन्यात अडकली. दोन हमालांनी ती उलटी खाली नेली.

बाईंनी सुतळी माझ्या अंगावरून रुंदीला धरली, मग खोलीला धरली. मग झाकण उघडून आत हात घातला आणि विचारलं, “वरच्या बर्फाचा खालच्या वस्तूला स्पर्श होतो का?”

“मुळीच नाही, माँजी,” दिनानाथ म्हणाला.

“आणि सकाळी घातलेला बर्फ दुसऱ्या सकाळपर्यंत पुरेल?”

“झाकण सारखं उघडलं नाही, तर पुरेल. उघडलं, तर कोणत्याच पेटीत पुरणार नाही.”

“हीच घ्या हो,” बाई नवऱ्याला म्हणाल्या. मी लहान म्हणून जिने मला नाकारलं होतं, ती दुनिया मी लहान म्हणूनच मला घरी घेऊन गेली. यात मी माझं काही श्रेय मानत नाही.

त्या घरात आनंदी नावाची दहा वर्षांची मुलगी होती. सारखं पाणी पिई, सारखी भूक लागे, आणि तरी अंगाने काडी होत चालली होती. दवाखान्यातल्या बंगाली डॉक्टरांनी इन्सुलिन नावाचं औषध रोज दोनदा टोचायला सांगितलं. कलकत्त्याहून आगगाडीने बर्फातून येणारं ते औषध गार राहिलं पाहिजे, पण गोठता कामा नये. ते तापलं तर निकामी. काशीतल्या ज्येष्ठात सावलीतला हंडासुद्धा दुपारी कोमट होतो. तेव्हा आनंदीचा जीव त्या बोटभर शिशीत होता, आणि ती शिशी माझ्या खालच्या कप्प्यात, लोण्याच्या भांड्यामागे.

बकुळआत्या म्हणजे पंतांची थोरली बहीण. लहानपणी विधवा होऊन माहेरी आलेल्या. घरातला सोवळ्याचा स्वयंपाक, देवाचा नैवेद्य, सगळं त्यांच्या हाती. पहाटे घाटावर स्नान, येताना कळशीभर गंगा, मग चूल. आनंदी त्यांच्याच कुशीत झोपे आणि त्यांच्याशी अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिंदीत भांडे.

“आत्या, जरा बरफ दो ना, चोखायला.”

“नळाच्या पाण्याचा आहे तो. कारखान्यात कोण कुठल्या हाताने करतो, देव जाणे. आणि तुझी जीभ काशीची आहे की लखनौची?”

“दोन्हीकडची.”

“मग दोन्हीकडचा मार खाशील.”

पण मारत कधी नसत.

मी घरी आले त्याच आठवड्यात आत्यांनी भावाला माझ्याशेजारी उभं राहून विचारलं, “शिवराम, ते औषध कशाचं करतात रे?”

पंतांनी हंड्यांकडे पाहिलं. “विलायती आहे, अक्का.”

“विलायत हे गावाचं नाव झालं. मी कशाचं म्हणून विचारते आहे.”

“मुळ्यापाल्यांचं असेल काही,” अन्नपूर्णाबाई मध्येच म्हणाल्या, आणि मुळ्यापाल्यांचं असतं तर जेवढ्या हळू म्हणाल्या असत्या, त्याहून जरा मोठ्याने म्हणाल्या. आत्यांनी पुढे विचारलं नाही. त्या गेल्यावर नवराबायको माझ्यापाशी कुजबुजले. अक्काला कळलं तर ती या चुलीला शिवणार नाही, पंत म्हणाले. विधवांच्या आश्रमात जाऊन राहील, पण या घरचं पाणी पिणार नाही. बाई म्हणाल्या, मग नकोच सांगायला. तेव्हापासून त्या घरात त्या शिशीविषयी सगळं बोललं जाई. केव्हा टोचायची, किती टोचायची, केव्हा नवी येणार. ती कशाची, एवढं सोडून.

पहिले पंधरा दिवस माझं फार कौतुक झालं. शेजारणी हात आत घालून गार हवा अनुभवून जात. आनंदीच्या गालांवर मांस दिसू लागलं. ती जिन्यावरून धावू लागली, म्हणून तिला ओरडाही बसू लागला.

मग माझा बर्फ टिकेना. सकाळी बर्फवाला गोणपाटात गुंडाळलेला तुकडा देऊन जाई, बाई तो वरच्या कप्प्यात ठेवत आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर जात. दुपारी उघडून पाहावं तर कप्पा रिकामा. आधी बर्फवाल्यावर आळ आला. त्याने दारातच तराजू मांडून बर्फ तोलून दाखवला. मग माझ्यावर आळ आला. दिनानाथला बोलावलं. त्याने माझ्या फळ्या ठोकल्या, भुसा तपासला, झाकणाच्या फटीत कागद धरून ओढून पाहिला. कागद निघेना.

“माँजी, माझी पेटी चोर नाही,” तो म्हणाला. “चोर घरात शोधा.”

मला चोर ठाऊक होता. मित्रांनो, आम्हा वस्तूंचं हेच दुःख. आम्ही सगळं जवळून पाहतो आणि कुणाला सांगू शकत नाही. बाई गच्चीवर गेल्या की आत्या घाटावरून ओलेत्याने परत येत. माझं झाकण उघडत. बर्फाचा तुकडा उचलून मोरीवर ठेवत आणि अख्खी कळशी त्याच्यावर ओतत, चारी बाजूंनी फिरवून, चोळून, एखाद्या बाळाला न्हाऊ घालावं तसं. तोंडाने गंगेचं स्तोत्र चालू असे. स्तोत्र संपेपर्यंत झाकण उघडंच. निम्मा बर्फ मोरीतून पुन्हा गंगेकडे निघून जाई. उरलेला त्या आत ठेवत. पदराने हात पुसत आणि सोवळं नेसायला जात.

ज्येष्ठाच्या तिसऱ्या आठवड्यात आनंदी उठेनाशी झाली. तोंडाला पिकल्या फळासारखा वास येऊ लागला. श्वास खोल, भराभर. औषध तर रोज टोचलं जात होतं, वेळेवर, मोजून. डॉक्टर दुपारी आले. त्यांनी शिशी मागितली, मुठीत धरली आणि बाईंकडे पाहिलं.

“यह तो गरम है.”

पुढचं कोणाला सांगायला लागलं नाही. त्यांनी आपल्या पिशवीतली नवी शिशी काढली, टोचली, आणि संध्याकाळपर्यंत तिच्या उशाशी बसून पुन्हापुन्हा टोचत राहिले. दिवेलागणीला आनंदीने पाणी मागितलं. आत्यांनी ते तिला घोटघोट पाजलं. डॉक्टर जाताना म्हणाले, असं आणखी एकदा झालं तर मला बोलावून उपयोग नाही.

यानंतरची माझी वर्षं थोडक्यात सांगते. आनंदी मोठी झाली. आता ती मुलींच्या शाळेत शिकवते आणि तिची शिशी दवाखान्यातल्या विजेच्या कपाटात राहते. मी माळ्यावर आहे. पोटात गोधड्या आहेत, नळीत कोळ्याने घर केलं आहे. तक्रार नाही. फक्त एक मागणं आहे. घरातली एखादी वस्तू बिघडली असं वाटलं, तर तिला फेकण्याआधी, ठोकण्याआधी, एक दिवस तिच्याशेजारी गुपचूप बसून पाहा. बिघाड पुष्कळदा तिच्यात नसतो. माणसं एकमेकांशी जे बोलत नाहीत, ते वस्तूंना भोगावं लागतं.

हे मी अन्नपूर्णाबाईंकडून शिकले. डॉक्टर येऊन गेले त्याच्या दुसऱ्या सकाळी त्या गच्चीवर गेल्याच नाहीत. ओल्या कपड्यांची बादली घेऊन त्या माझ्यामागे, हंड्यांच्या आडोशाला बसल्या.

आत्या आल्या. कळशी खाली ठेवली. माझ्या झाकणावर हात ठेवला आणि तसाच ठेवला. उघडलं नाही.

“वन्सं,” बाई उठून उभ्या राहिल्या, “रोज?”

आत्या दचकल्या नाहीत. “रोज.”

“बर्फ कारखान्यातला, म्हणून?”

“बर्फाला कोण विचारतं? बर्फ काय, पाणीच आहे.”

“मग?”

“तो दवाखान्यातला कंपाउंडर पंधरा दिवसांनी दुसरी शिशी द्यायला आला होता ना, त्याला विचारलं मी. त्याने सांगितलं. तुम्हा दोघांना विचारलं तर एक हंडे बघतो आणि दुसरी मुळ्या सांगते.” आत्या खाली बसल्या, माझ्या पायाला पाठ टेकून. “शिशीला हात लावायचा धीर होईना माझा. म्हणून तिच्या डोक्यावर गंगा ठेवत होते. काशीत तेवढ्याने सगळं चालतं, असं वाटलं मला. पोरगी मरता मरता राहिली.”

“तुम्हाला ठाऊक नव्हतं, वन्सं, बर्फ कमी झाला की—”

“ठाऊक नसायला मी काय आनंदीएवढी आहे? वितळताना दिसत होतं की.”

पंत दारात येऊन उभे राहिले होते. जानवं कानावर, हातात तांब्या. त्यांनी सवयीने हंड्यांकडे पाहिलं.

“तिकडे नको बघू, शिवराम,” आत्या म्हणाल्या. “गुरांच्या पोटातून काढतात ते औषध. ते या स्वयंपाकघरात राहील, आणि मीही इथेच राहीन.”