रूपालीच्या पर्समधला कलमचाकू

मित्रांनो, धार गेलेला आणि सांध्यात गंज चढलेला मी एक जुना कलमचाकू आहे. नाशिकला लागून असलेल्या मखमलाबादच्या एका मळ्यात, घराच्या माळ्यावर पत्र्याच्या डब्यात माझा मुक्काम असतो. सोबतीला एक तुटकी कात्री आणि सुतळीचा गुंडा आहे. कात्री घुमी आहे आणि सुतळीशी बोलण्यात अर्थ नाही, म्हणून आज तुमच्याशी बोलतो. एक विनंती मात्र आधीच करतो. मला सुरी म्हणू नका. सुरीबद्दल मला आदर आहे, पण टोमॅटो चिरणे निराळे आणि कलम करणे निराळे.

पंचवटीत झिपरू नावाच्या लोहाराने मला घडवले. जुन्या करवतीचे पाते कापून त्याने ते दिवसभर घासले, बाभळीच्या लाकडाची मूठ केली आणि पितळेचा खिळा ठोकून पाते मुठीत मिटेल असे बसवले. द्राक्षाची कलमे करणाऱ्या रंगनाथने मला पहिल्यांदा हातात घेतले, पाते मनगटावरून हलकेच फिरवले आणि तिथले केस उडाले. "हा मला पाहिजे," तो म्हणाला. ती नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे.

द्राक्षबागांत तेव्हा नवी रीत आली होती. आधी रानद्राक्षाचा खुंट लावायचा, आणि तो जोर धरू लागला की त्यावर चांगल्या जातीची काडी बसवायची. खुंटाला मधोमध चीर द्यायची, काडीला पाचरीसारखा आकार द्यायचा आणि सालीला साल जुळवून ती चिरेत सरकवायची. काप एका ओढीत झाला पाहिजे. हात थांबला, काप खरबडला, की काडी वाळलीच म्हणून समजा. गणपतीच्या सुमारास हंगाम सुरू होई, आणि रंगनाथची टोळी जीपमध्ये बसून पार विंचूरपर्यंत जाई. बागाईतदार त्याची वाट बघत. "रंगनाथचं कलम वाया जात नाही," असे कोणी म्हणाले की तो मला धोतराच्या सोग्याला पुसून खिशात ठेवी. त्या वर्षांत मी फार सुखात होतो. थोडा शेफारलोही असेन.

टोळीत एक रिवाज होता. चाकू पुरुषांच्या हातात आणि पट्टी बायकांच्या हातात. पुरुषाने कापायचे, मागून बाईने प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. रंगनाथच्या मागे त्याची बायको मालनबाई पट्टी बांधत असे. सुट्टी असली की त्यांची मुलगी रूपालीही येई. ती पट्टी बांधायची, पण तिची नजर माझ्यावर असायची. दुपारी बाप लिंबाखाली आडवा झाला की ती मला हळूच उचली आणि फेकलेल्या काड्यांवर काप देऊन बघे. मित्रांनो, मी कितीतरी हातांत गेलो आहे. तसा हात मी पुन्हा पाहिला नाही. जोर करणे नाही, घाई नाही, पाते सालीतून आपोआप उतरे.

रूपाली बारावीला गेली तेव्हा तिने ठरवून टाकले होते. शेतीचा डिप्लोमा करायचा आणि स्वतःची नर्सरी काढायची.

"नाना, मला एक खुंट द्या ना. एकच कलम करून बघते."

"पोरीच्या जातीनं पट्टी बांधावी," रंगनाथने तिच्या हातातून मला काढून घेतले. "बोट कापलं म्हणजे?"

"तिचा हात तुमच्यापेक्षा हलका हे," मालनबाई म्हणाली. पण घरात तिचे म्हणणे ऐकून घेण्याची पद्धत नव्हती.

त्याच पावसाळ्यात कॉलेजच्या वाटेवर त्रास सुरू झाला. मळ्यापासून बसथांब्याकडे पाटाच्या कडेने पायवाट जाते. पाटावरच्या मोरीवर दोन मुले मोटारसायकल आडवी लावून बसू लागली. कुठली होती कोण जाणे. आधी शिट्ट्या, मग नाव विचारणे, मग वाट अडवणे. रूपालीने बरेच दिवस घरी सांगितले नाही, कारण सांगितले की कॉलेज बंद होईल अशी तिला धास्ती होती. शेवटी एका मुलाने ओढणी ओढली तेव्हा ती रडतच घरी आली.

रंगनाथ त्या संध्याकाळी जेवला नाही. त्याने सहाणेवर मला घासघासून धार लावली. टोळीतला निवृत्ती ओट्यावर बसून बघत होता.

"धार बघ, निवृत्ती! ह्याच्यापुढं कोण उभं ऱ्हाईल?"

"मामा, धार लय हे, पण ह्याला खटका नाय. जोर लागला का उलटा मिटंल." निवृत्तीच्या दंडावर जत्रेतल्या भांडणाचा व्रण होता, त्यामुळे तो ऐकीव बोलत नव्हता. "अन् हाती चाकू असला म्हंजे समोरचा पळतोच असं नाय. त्यापरीस चार दिवस तुम्हीच जा ना पोरीसंगं."

"हंगाम चालू हे. सगळी टोळी जीप धरून माझ्यासाठी थांबंल का?"

निवृत्तीचे बोलणे खरे होते. खटक्याच्या चाकूचे पाते उघडले की अडकून बसते. माझे तसे नाही. बोटे पात्यावर घसरू नयेत म्हणून मुठीला कडही नाही. सालीत अलगद उतरण्यासाठी मला केले आहे, आणि तिथे कोणी माझ्याशी झटापट करत नाही. पण रंगनाथने आयुष्यभर धारेवरच विश्वास ठेवला होता. ज्याला धार आहे ते सगळ्या कामाला चालते, असे त्याला वाटले.

सकाळी त्याने मला रूपालीच्या पर्समध्ये टाकले.

"नाना, मला नको हा. तुम्हीच चला ना मोरीपर्यंत."

"आगं, नुसता दाखवायचा. वापर कोन म्हनतंय?"

"कामाला मागत व्हती तव्हा दिला नाय," मालनबाई चुलीजवळून म्हणाली, "अन् आता भांडायला देता?"

जीपचा हॉर्न वाजला आणि रंगनाथ निघून गेला.

पर्समध्ये कंगवा, बसचा पास आणि पेन होते. मी त्यांच्यात परका होतो. बाहेरून तिच्या हाताचा दाब लागे. चालता चालता ती सारखी पर्स चाचपत होती, मी आहे की नाही ते बघत. मी होतो, पण माझ्यामुळे तिची भीती कमी झाली नव्हती, उलट ती आता मला तिच्या हाताच्या दाबातूनच कळत होती.

मोरीवर दोघे होतेच. एक जण पुढे आला. रूपालीने मला बाहेर काढले, पाते उघडले आणि नानांनी सांगितले होते तसे समोर धरले. सिनेमात चाकू निघाला की समोरचा दोन पावले मागे सरतो. तो मुलगा घाबरला जरूर, पण घाबरलेला माणूस मागेच सरतो असे नाही. त्याने झडप घालून तिचे मनगट धरले आणि पिरगाळले. तिच्या तळहाताला घाम होता. माझी मूठ निसटली, पात्याचे टोक त्याच्या जाकिटात अडकले आणि मी उलटा मिटलो. तिच्या बोटावर. बापाने रात्री लावलेली धार होती. मी एका ओढीत उतरलो.

तेव्हा ती ओरडली. शेजारच्या वावरात बायका मेथीच्या जुड्या बांधत होत्या. "कोन हाय रे तिकडं!" म्हणत त्यांच्यातली भागीबाई धावली आणि तिच्यामागे साऱ्या बायका. एवढा गिल्ला ऐकून ती दोघे मोटारसायकल घेऊन पळाली. रूपालीला वाचवले ते तिच्या ओरडण्याने आणि त्या बायकांनी. मी धुळीत पडलो होतो.

पुढचेही सांगितले पाहिजे. त्या मुलाच्या हातावरही ओरखडा उठला होता. पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन रूपाली चौकीत बसली, तेव्हा पहिला प्रश्न विचारला गेला, "चाकू आधी कोणी काढला?" खरे बोलायचे तर तिनेच काढला होता. त्या प्रकरणातून सुटायला चौकीचे बरेच हेलपाटे पडले. मी तर पुरावा म्हणून वर्षभर कागदात गुंडाळलेला चौकीच्या कपाटात पडून होतो. तिथे मला कोणी पुसले नाही. मला घरची फार आठवण येई.

घरी परत आलो तेव्हा एक बदल झालेला होता. रंगनाथ रोज सकाळी रूपालीबरोबर थांब्यापर्यंत चालत जात होता. टोळीची जीप थांबत होती, कोणी कुरकुरत नव्हते. एकदा परत येऊन तो ओट्यावर बसला आणि मालनबाईला म्हणाला, "एवढंच तर हे अंतर."

मग एका दुपारी त्याने पिशवीत लावलेला एक खुंट अंगणात आणून ठेवला, मला स्वच्छ पुसले आणि रूपालीच्या हातात दिले. "घे. कर कलम."

तिने मला धरले. पण तिचे पहिले बोट सरळच राहिले. आतली शीर तुटली होती, आणि डॉक्टरांनी शिवूनही ते बोट वाकत नव्हते. ती उरलेल्या बोटांनी धरून बघू लागली. पाते सालीवर थरथरले, काप वाकडा गेला. तिने दुसरी काडी घेतली. तीही फुकट गेली. रंगनाथ म्हणाला, "परत बघ." तिने परत बघितले.

शेवटी तिने मला मिटले, बापाच्या पुढ्यात ठेवले आणि पट्टीचा गुंडा उचलला. "नाना, तुम्ही कापा. मी बांधते."

रंगनाथला त्या दिवशी काप देता आला नाही. त्याने मला या डब्यात टाकले आणि टोळीसाठी दुसरा चाकू घेतला. तेव्हापासून मी इथेच आहे. डब्याचे झाकण क्वचित उघडते, आणि ते माझ्यासाठी नसते.

मित्रांनो, कोणी तुमची वाट अडवली तर जीव खाऊन ओरडा, पळत सुटा आणि त्याच दिवशी घरी सांगा. आणि घरातले कोणी काळजीपोटी माझ्यासारखे काही तुमच्या पिशवीत ठेवू लागले, तर त्यांना म्हणा, हे नको. चपला घाला आणि आमच्याबरोबर चला.