शहाऐंशी सह्या

मिलफोर्क गावात चाळिशीच्या आतलं असं क्वचितच कुणी असेल, ज्याला व्हर्ना कोझ्लरने लहानपणी शाळेत नेऊन सोडलं नव्हतं. चौतीस वर्षं तिने शाळेची पिवळी बस चालवली; बसमधली पोरं तिला 'मिस व्हर्ना' म्हणत. आता ती निवृत्त होती. पेन्शन फार नव्हती, पण दर महिन्याला न चुकता यायची. पोलादाचा कारखाना बंद पडलेल्या त्या गावात तेवढंही पुष्कळ होतं.

सह्यांच्या मोहिमेत ती पडली ती शेल्बी मेफील्डमुळे. शेल्बी डीन स्ट्रॅटनच्या कॅफेत वाढपी होती. तीही व्हर्नाच्याच बसमधली. मागच्या हिवाळ्यात एकदा ती अंगात ताप असताना ऑर्डरी घेत होती. चेहरा लालबुंद, आणि दर दोन मिनिटांनी मागे जाऊन खोकत होती.

"घरी जा गं पोरी," व्हर्ना म्हणाली.

"घरी बसले तर आजचा पगार गेला, मिस व्हर्ना. दोन दिवस बसले तर नोकरीच गेली. तुम्ही अंडी कशी घेणार ते सांगा."

शेजारच्या स्टुलावरचा म्हातारा हसला. "वॉशिंग्टनला आपल्या सिनेटरला साधी शिंक आली तरी पगारी सुट्टी मिळते."

सगळे हसले. शेल्बीसुद्धा हसली आणि परत खोकायला मागे गेली. व्हर्नाच्या घशाखाली ती अंडी उतरली नाहीत.

म्हणून नादीन ब्रुकहार्टने लायब्ररीत सभा बोलावली तेव्हा व्हर्ना पहिल्या रांगेत बसली होती. नादीन हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवायची. तिचं म्हणणं सरळ होतं. नगर परिषदेवर बसलेले सगळे धंदेवाले, ते हा नियम कधीच करणार नाहीत. पण पुरेशा मतदारांच्या सह्या जमल्या, तर आजारपणाच्या पगारी रजेचा कायदा थेट नोव्हेंबरच्या मतदानाला टाकता येतो. मग लोकच काय ते ठरवतील.

"एक गोष्ट डोक्यात ठेवा," नादीन म्हणाली होती. "प्रत्येक सही तुमच्या डोळ्यांदेखत झाली पाहिजे. प्रत्येक कागदाखाली तसं शपथेवर लिहून द्यायचंय. खोटं लिहिलंत तर गुन्हा आहे."

व्हर्ना जूनभर किराणा दुकानाच्या दारात उभी राहिली. लोक तिला नाही म्हणत नसत. पण महिनाअखेरीस तिचा गुडघा टम्म सुजला, जिना चढवेना. मुदत संपायला चार दिवस होते. तेव्हा ती कॅफेत गेली आणि कागद लावलेली पाटी तिने शेल्बीपुढे सरकवली.

"तीन दिवस काउंटरवर राहू दे. येणारे-जाणारे सही करतील."

शेल्बीने दाराकडे पाहिलं. "डीनने पाहिलं तर? त्याच्या हॉटेलवाल्यांच्या संघटनेचे लोक या कायद्याच्या नावानं खडे फोडतायत."

"डीन अकराच्या आत कधी उगवलाय का? त्याच्या आधी आत ठेवून दे. हे सगळं तुझ्याचसाठी चाललंय ना?"

शेल्बीने पुन्हा एकदा दाराकडे पाहिलं. तिने पाटी ठेवून घेतली.

तीन दिवसांत शहाऐंशी सह्या झाल्या. व्हर्नाने घरच्या टेबलाशी बसून प्रत्येक कागदाखाली लिहून दिलं की या सह्या माझ्यासमोर झाल्या. दुसऱ्या कागदाला तिचा हात जरा अडखळला, पुढे अडखळला नाही. मोहिमेच्या समितीच्या बैठकीत सर्वांत जास्त सह्या तिच्याच भरल्या आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तीही हसली.

ऑगस्टमध्ये हॉटेलवाल्यांच्या संघटनेने हरकत घेतली. राजधानीहून वकील आणला, प्रत्येक सही भिंगातून तपासली. निवडणूक मंडळापुढे सुनावणी झाली आणि व्हर्नाला साक्षीला बोलावलं. खोलीत खुर्च्या कमी पडल्या. तिसऱ्या रांगेत डीन स्ट्रॅटन पायावर पाय टाकून बसला होता.

वकील आवाज न चढवता बोलणारा होता. "मिसेस कोझ्लर, या सहीचे गृहस्थ सही करताना तुम्ही पाहिलेत?"

"पाहिले असतील."

"ते त्या आठवड्यात क्लीव्हलंडच्या इस्पितळात होते. हृदयाची शस्त्रक्रिया. त्यांच्या पत्नी म्हणतात, कॅफेत नाश्ता करताना त्यांच्या नावाने मीच सही केली, पाटी काउंटरवर पडली होती, जवळ कुणीच नव्हतं." त्याने कागद खाली ठेवला. "ती पाटी तिथे कशी आली?"

व्हर्नाला कागदाखालची ती ओळ दिसायला लागली. गुन्हा आहे. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी बेड्या. समितीचा वकील तिच्या शेजारीच बसला होता, तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मी... मी कॉफी प्यायला गेले होते. पाटी विसरून आले."

"तीन दिवस?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"गुडघा दुखत होता माझा. तिथल्या मुलीनं, शेल्बीनं, मनानंच काउंटरवर ठेवली असेल. मी तिला ठेवायला सांगितलं नव्हतं. सह्या झाल्या तेव्हा मी तिथेच असेन असं वाटून मी लिहून दिलं."

डीनने पायावरचा पाय खाली घेतला.

व्हर्नाचे ते सगळे कागद बाद झाले. बाकी किरकोळ सह्या गळाल्या त्या वेगळ्याच. शेवटी एकेचाळीस सह्या कमी पडल्या आणि कायदा त्या वर्षी मतदानाला गेलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डीनने शेल्बीला एप्रन काढून ठेवायला सांगितलं.

नादीन संध्याकाळी व्हर्नाच्या घरी आली, तिचा हात हातात घेऊन बसली. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही जीव तोडून केलंत. त्या पोरीनं आगाऊपणा केला नसता तर आज आपण..."

व्हर्ना ऐकत राहिली. खरं सांगायची वेळ ती हीच होती. ती म्हणाली, "कॉफी घेणार?"

मग ती कॅफेच्या रस्त्यानं जाईनाशी झाली. औषधं आणायला लांबच्या चौकातून वळसा घालून जायची. चर्चमध्ये कुणी "बिचारी व्हर्ना" म्हटलं की ती प्रार्थनेचं पुस्तक उघडून बसे. रात्री झोप लागे, हेच तिला जास्त लाजिरवाणं वाटे. असे पंचवीस दिवस गेले. सव्विसाव्या दिवशी ती भल्या सकाळी उठली, डोकं विंचरलं आणि कॅफेसमोर बसून डीनची वाट पाहिली.

"ती पाटी मी ठेवायला लावली होती," ती म्हणाली. "शेल्बी नको म्हणत होती. मी खोटं बोलले."

डीन गल्ला उघडत होता. त्याने वर पाहिलं नाही. "पण ठेवली तर तिनंच ना? माझ्या काउंटरवर, माझ्याच विरुद्ध. आता नवीन बाई ठेवलीय मी. तुम्ही नाश्ता घेणार आहात का?"

तिथून ती निवडणूक मंडळाच्या कार्यालयात गेली. खिडकीतल्या कारकुनाने तिचं कबुलीचं पत्र वाचलं, पुन्हा वाचलं. "प्रकरण मिटलंय, बाई. हे घेऊन मी काय करू?"

"शिक्का मारा."

"यावरून तुमच्यावर खटला भरला तर?"

"भरू दे. शिक्का मारा."

त्याने मारला. खटला कुणी भरला नाही. त्या पत्राचं उत्तरसुद्धा आलं नाही. समितीच्या बैठकीत तिने उभं राहून सगळं सांगितलं. नादीनने एवढंच विचारलं, "त्या संध्याकाळी का नाही बोललात?"

शेल्बीकडे ती सर्वांत शेवटी गेली. वास्तविक सर्वांत आधी जायला हवं होतं, हे तिला त्या घराच्या पायऱ्या चढताना कळलं. शेल्बी पायरीवर बसून रबरी बूट धूत होती. गावाबाहेरच्या कोंबड्यांच्या कारखान्यात तिला काम मिळालं होतं. दिवसभर थंडगार ओल्या खोलीत कोंबड्या सोलायच्या.

"या, मिस व्हर्ना," ती म्हणाली, पण उठली नाही.

"मी त्या दिवशी तुझं नाव घेतलं..."

"माहितीय. पेपरात आलं होतं, शब्दन् शब्द. पहिला आठवडाभर मला वाटलं, तुम्ही आज याल, उद्या याल."

"मी डीनला सांगितलं. मंडळाला लिहून दिलं. समितीतही..."

"बरं केलंत. हलकं वाटलं असेल."

शेल्बीने बूट पालथा करून आपटला.

"तुम्ही घाबरलात, ते कळतं मला. मीही घाबरले असते. पण तुमच्या शेजारी समितीचा वकील बसला होता. तुमची पेन्शन कुणी काढून घेणार नव्हतं. माझ्या शेजारी कोण होतं हो? मी तर त्या खोलीतही नव्हते. मी तेव्हा डीनच्या टेबलांना फडकं मारत होते."

"मला माफ कर, शेल्बी."

"करीन कदाचित. आज नाही." बूट बाजूला ठेवून ती म्हणाली, "गुडघा कसा आहे?"

"बरा आहे."

"मग उभ्या राहू नका इथं, आणखी सुजेल."

पुढच्या उन्हाळ्यात मोहीम पुन्हा उभी राहिली. व्हर्नाने सह्या गोळा केल्या नाहीत. तिनेच नको म्हटलं. ती लायब्ररीत पाकिटांवर पत्ते लिहायची. नोव्हेंबरमध्ये कायदा एकशे बारा मतांनी पास झाला. निकालाच्या संध्याकाळी लोक नाचले, नादीन रडली, कागदी ताटल्यांत केक वाटला गेला.

केक हातात घेऊन व्हर्नाने नादीनला विचारलं, "आणि तो कोंबड्यांचा कारखाना? तिथेही लागू होणार ना?"

नादीनचा चेहरा उतरला. "तो गावच्या हद्दीबाहेर आहे, व्हर्ना. अर्ध्या मैलाने. तिथे आपला कायदा चालत नाही."

व्हर्नाने ताटली खिडकीत ठेवली, बाहेर येऊन शेल्बीला फोन लावला. मागे यंत्रांची घरघर होती.

"ऐकलं मी," शेल्बी मोठ्याने म्हणाली. "अभिनंदन, मिस व्हर्ना. डीनकडच्या नव्या बाईचं नशीब बरं."

"शेल्बी, तुमचा कारखाना त्यात..."

"येत नाही. ठाऊक आहे. मीही मत दिलं ना, आधी वाचलं होतं." ती खोकली. "माझी मधली सुट्टी संपली. ठेवते."

फोन बंद झाला. आत कुणीतरी व्हर्नाच्या नावाने हाका मारत होतं, सगळ्यांचा फोटो काढायचा होता. ती आत गेली, आणि सर्वांत मागच्या रांगेत, उंच माणसाच्या पाठीआड उभी राहिली.